प्राग ते बिर्केनाऊ : एका ट्रान्सपोर्टच्या वाटेने सहा दिवस

निघण्याआधी

क्राकोवहून सकाळची बस, साडेतीन तासांत ऑशविट्झ आणि बिर्केनाऊ दोन्ही, संध्याकाळी हॉटेलवर परत. बहुतेक सहली अशाच आखलेल्या असतात. तेवढ्या वेळात माणसं मारण्याची यंत्रणा दिसते, आकडे कळतात. पण तिथे उतरवलेला माणूस आदल्या आठवड्यात कोण होता आणि छावणीतल्या दहाव्या, शंभराव्या दिवशी माणूस म्हणून उभं राहण्यासाठी त्याने नेमकं काय केलं, हे त्या साडेतीन तासांत मावत नाही. म्हणून ही आखणी सहा दिवसांची आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी प्रागहून हद्दपार केलेल्या ज्यूंच्या वाटेने ती जाते: प्राग, तेरेझिनचा घेट्टो (ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती), ऑशविट्झ, बिर्केनाऊ.

चेक प्रजासत्ताक आणि पोलंड या दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. या आखणीत तो पोलंड होतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ बरा. डिसेंबरात ऑशविट्झ स्मारकात दुपारी दोननंतर आत सोडत नाहीत आणि चार वाजता अंधारतं. स्मारकाचं प्रवेशपत्र त्यांच्या संकेतस्थळावर नावानिशी काढायचं; पासपोर्टवर नाव ज्या क्रमाने आणि ज्या स्पेलिंगने आहे तसंच. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं आणि तिथेच घोळ होतो. मैदानात शिरायला शुल्क नाही, शुल्क आहे ते मार्गदर्शकाचं. मार्गदर्शकाशिवायच्या प्रवेशाच्या वेळा मोजक्या असतात आणि लवकर संपतात. शक्य असेल तर साडेतीन तासांची नेहमीची फेरी न घेता दोन दिवसांची अभ्यासफेरी घ्यावी. पाठीवरची पिशवी ३५ × २५ × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर ती बाहेर ठेवावी लागते. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं स्मारकच सुचवतं, आणि ते ऐकावं.

दिवस पहिला : प्राग

सुरुवात पिंकास सिनेगॉगपासून. शनिवारी आणि ज्यू सणांना ते बंद असतं, त्यामुळे शनिवारी प्रागला पोचणारं विमान घेऊ नये. आतल्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या जवळजवळ ७८,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. आधी गाव, मग आडनाव, त्याखाली घरातल्या एकेकाचं नाव, जन्मतारीख आणि त्याच्याबद्दल माहीत असलेली शेवटची तारीख. ही शेवटची तारीख बहुतेकदा मृत्यूची नसते, ट्रान्सपोर्टची, म्हणजे हद्दपार करून नेणाऱ्या गाडीची, असते. एका आडनावाखाली आजोबांपासून तीन वर्षांच्या नातीपर्यंत तीच तारीख दिसली की ते घर एकत्र नेलं गेलं हे समजतं.

ही नावं पहिल्यांदा १९५० च्या दशकात लिहिली गेली. १९६८ मध्ये सिनेगॉग बंद झालं, भिंतींत ओल चढली, नावं गेली. १९९२ ते १९९६ या काळात ती सगळी पुन्हा लिहिली. एका भिंतीपुढे थांबून एकच कुटुंब सावकाश वाचावं. पुढच्या पाच दिवसांत नावाचा धागा पुन्हापुन्हा हाताला लागतो.

दुपारी ट्रामने होलेशोवित्से भागात. इथल्या जत्रेच्या मैदानालगतच्या लाकडी शेडमध्ये लोकांना हजार-हजारांच्या गटाने बोलावलं जाई. सामान माणशी ५० किलो. घराच्या किल्ल्या, कागदपत्रं, दागिने, पैसे तिथेच जमा करायचे आणि गळ्यात ट्रान्सपोर्टची अक्षरं व क्रमांक असलेली पट्टी घालायची. दोन-तीन दिवस जमिनीवर काढले की पहाटे चालत बुब्नी स्टेशनला. या स्टेशनाबाहेर आता आकाशाकडे चढत गेलेला वीस मीटरचा रूळ उभा आहे, आलेश व्हेसेली या शिल्पकाराचं काम.

५० किलोंत काय भरायचं? बहुतेकांनी गरम कपडे, भांडी, टिकाऊ खाणं भरलं. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार डिसेंबर १९४२ मध्ये तेरेझिनला गेली, तेव्हा तिने सामानात चित्रकलेचं साहित्य नेलं होतं. त्याचं काय झालं ते पिंकासच्याच वरच्या मजल्यावर लावलेलं आहे. मात्र ती चित्रं आज बघू नयेत. तेरेझिनहून परतल्यावर, प्राग सोडण्याआधी, पुन्हा इथे येऊन बघावीत. तिकीट काढतानाच ते नंतर कधीपर्यंत चालतं ते विचारून घ्यावं.

दिवस दुसरा : तेरेझिन

होलेशोवित्सेच्याच बसथांब्यावरून तेरेझिनला तासाभरात थेट बस जाते. पण जाताना आगगाडीने बोहुशोवित्से स्टेशनवर उतरावं आणि तिथून सुमारे तीन किलोमीटर चालावं. जून १९४३ पर्यंत तेरेझिनमध्ये रूळ नव्हते, सगळ्यांना हाच रस्ता सामानासह चालावा लागे, सत्तरीतल्यांनाही. पुढे कैद्यांकडूनच गावापर्यंत रूळ टाकून घेतले, त्यांचा तुकडा अजून शिल्लक आहे.

तेरेझिन हे तटबंदीचं लष्करी गाव. युद्धाआधी सैनिक धरून सात हजारांच्या आसपास वस्ती. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याच घरांत सुमारे ५८,००० माणसं कोंबलेली होती. इथे गॅसच्या कोठड्या नव्हत्या, तरी भूक, आमांश आणि विषमज्वराने सुमारे ३३,००० माणसं मेली. जवळजवळ ८८,००० पुढे पूर्वेला पाठवली गेली.

पर्यटक बसमधून उतरून थेट नदीपलीकडच्या छोट्या किल्ल्याकडे जातात, कारण तुरुंगासारखं दिसणारं तेच आहे. तो गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, तुरुंग होता; त्याचा इतिहास वेगळा आणि महत्त्वाचा आहे. पण घेट्टो म्हणजे हे साधं दिसणारं गाव. दिवस इथेच घालवावा. क्रम असा: घेट्टो संग्रहालय, माग्देबुर्ग बरॅक, ड्लोउहा रस्त्यावरची लपलेली प्रार्थनेची खोली, शेवटी दहनगृह आणि दफनभूमी. दहनगृह शनिवारी बंद.

संग्रहालयाची इमारत मुळात शाळा. घेट्टोत तिला एल ४१७ म्हणत; इथे मुलग्यांचं वसतिगृह होतं. मुलांना शिकवण्यावर बंदी होती. चित्रकला, गाणी, हस्तकला चालत. मग गणित आणि इतिहास या 'करमणुकी'च्या आड शिकवला जाई. एक मूल दाराशी पहाऱ्याला, खूण झाली की वह्या गायब आणि गाणं सुरू. मुलांना थोडं जास्त अन्न मिळावं म्हणून घेट्टोच्या ज्यू मंडळाने म्हाताऱ्यांचा शिधा कमी केला. म्हातारे भुकेने आधी मेले. माणुसकीची गोष्ट सांगताना हा निर्णय गाळू नये. तो घेणाऱ्यांना त्याची किंमत माहीत होती.

फ्रीडल मुलींच्या वसतिगृहात वर्ग घेई. कागद म्हणजे वापरलेल्या फॉर्मांची पाठकोरी बाजू, पुठ्ठे, गुंडाळायचे कागद. चित्र कसंही येवो, प्रत्येकाने त्यावर स्वतःचं नाव घालायचं हा तिचा आग्रह. ट्रान्सपोर्टमध्ये ज्याचा नुसता क्रमांक झाला होता, ते मूल आठवड्यातून एकदा कागदाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहीत होतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रीडलला ऑशविट्झला पाठवलं आणि तिथे मारलं. तिने मागे ठेवलेल्या दोन सुटकेसमधून सुमारे ४,५०० चित्रं युद्धानंतर प्रागला पोचली. नावं असल्यामुळे ती कोणाची हे सांगता येतं. प्रागला परतून पिंकासच्या वरच्या मजल्यावर बघायची ती हीच.

माग्देबुर्ग बरॅकमध्ये तीन मजली फळ्यांची खोली मांडून ठेवली आहे, आणि संगीत, नाटक, चित्रांची दालनं. हान्स क्रासाचा मुलांचा ऑपेरा इथे ५५ वेळा झाला. गाणारी मुलं ट्रान्सपोर्टमध्ये जात, त्यांच्या जागी नवी बसवावी लागत. २३ जून १९४४ ला रेडक्रॉसचं पथक आलं तेव्हा नाझींनी तोच ऑपेरा दाखवण्यासाठी वापरला. त्याआधी मे महिन्यात गर्दी कमी दिसावी म्हणून साडेसात हजार माणसं ऑशविट्झला पाठवली होती. त्यामुळे इथल्या संगीतावर 'कलेचा विजय' असा शिक्का मारू नये. तेच गाणं मुलांना तासभर आधार देत होतं आणि तेच मारेकऱ्यांच्या कामाला येत होतं.

बेड्रिख फ्रित्ता आणि लेओ हास हे घेट्टोच्या आराखडा विभागात अधिकृत आकृत्या काढत आणि रात्री खरं तेरेझिन काढत: रांगा, प्रेतांच्या गाड्या, आंधळे म्हातारे. जुलै १९४४ मध्ये पकडले गेले, पण चित्रं सापडली नाहीत. फ्रित्ताची टिनच्या डब्यात घालून पुरलेली होती, हासची भिंतीत. फ्रित्ता ऑशविट्झमध्ये मेला, त्याची बायको छोट्या किल्ल्यात. तीन वर्षांचा मुलगा टोमाश वाचला. हास परत आला, चित्रं बाहेर काढली आणि टोमाशला त्याने आणि त्याच्या बायकोने दत्तक घेतलं.

ड्लोउहा रस्त्यावरची प्रार्थनेची खोली अंगणातल्या कोठारात आहे, पाच मिनिटांत बघून होईल एवढी. भिंतीवर हिब्रू अक्षरं आहेत, प्रार्थनेतली ओळ: एवढं सगळं होऊनही आम्ही तुझं नाव विसरलो नाही, तू आम्हाला विसरू नकोस. दफनभूमीत शिरताना पुरुषांनी डोकं झाकावं. ज्यू रीतीत समाधीवर फूल वाहत नाहीत, छोटा दगड ठेवतात. वाटेत चालताना काही खिशात टाकून ठेवावेत.

दिवस तिसरा : ओश्वेंचिम, म्हणजे ओश्पित्झिन

सकाळी पिंकासची चित्रं बघून निघावं. प्रागहून ओस्ट्राव्हा-कातोवित्सेमार्गे गाडी बदलत ओश्वेंचिमला पोचायला सहा-सात तास लागतात. ६ सप्टेंबर १९४३ ला तेरेझिनहून निघालेले पाच हजार जण ८ तारखेला पोचले, मालडब्यांतून. क्राकोवला मुक्काम न करता याच गावात तीन रात्री राहावं. सकाळी पहिली वेळ गाठता येते आणि गर्दी यायच्या आत निम्मं बघून होतं.

'ऑशविट्झ' हे या गावाचं जर्मन नाव. इथले ज्यू त्याला यिद्दिशमध्ये ओश्पित्झिन म्हणत. त्या शब्दात 'पाहुणे' या अर्थाचा शब्द त्यांना ऐकू येई. १९३९ मध्ये गावात निम्म्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती. हाबरफेल्ड घराण्याचा मद्याचा कारखाना, शाळा, वीसएक प्रार्थनास्थळं. मोठं सिनेगॉग नोव्हेंबर १९३९ मध्ये जाळलं. त्या जागी आता छोटी स्मृतिबाग आहे. उरलं ते एकच, खेव्रा लोम्देई मिश्नायोत, ज्यू केंद्राला लागून. पुण्याचं लाल देऊळ हे सिनेगॉग पाहिलेल्यांना ते अगदीच लहान वाटेल. छावणीआधी हे बघणं गरजेचं आहे, कारण एरवी 'ऑशविट्झचे ज्यू' म्हटलं की फक्त प्रेतं डोळ्यांपुढे येतात, दुकान उघडणारा माणूस येत नाही. गावातला शेवटचा ज्यू रहिवासी २००० साली वारला. त्याच्या घरात आता केंद्राचं कॉफीघर आहे. संध्याकाळी तिथे बसावं.

इथे एक खुलासा, कारण मराठी वाचक तो हमखास विचारतात. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ दरम्यान राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित या छावण्यांतून आलेले नव्हते. त्यांना सोव्हिएत सत्तेने सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं होतं आणि तिथून ते इराणमार्गे भारतात पोचले. दोन्ही दुःखं खरी, वाटा वेगळ्या.

दिवस चौथा : ऑशविट्झ एक

वेळेच्या अर्धा तास आधी पोचावं. विमानतळासारखी तपासणी असते. आत खाऊ नये. फोटोला परवानगी आहे, फ्लॅशला नाही. ब्लॉक ४ मधल्या केसांच्या खोलीत आणि ब्लॉक ११ च्या तळघरात फोटो काढायचेच नाहीत.

फाटकावरची लोखंडी अक्षरं कैद्यांनी घडवली. त्यातला 'बी' उलटा आहे, मोठं पोट वर. ते मुद्दाम केलं असं वाचलेले कैदी मानत. आज दिसते ती प्रतिकृती; मूळ पाटी डिसेंबर २००९ मध्ये चोरीला गेली, तुकड्यांत सापडली, आता जपून ठेवली आहे.

ब्लॉक ४ आणि ५ मध्ये सगळे गर्दी करतात, आणि तिथेच मन बधिर होतं. जवळजवळ दोन टन केस. सुमारे ३,८०० सुटकेस, त्यांतल्या २,१०० वर नावं. बारा हजारांहून अधिक भांडी. ढीग बघू नये, एक वस्तू निवडावी. पितळी झाकणाचा डबा, किसणी, मुलाचा बूट. ५० किलोंचा हिशेब आठवला की किसणी का आणली ते कळतं: पुढे स्वयंपाकघर असणार होतं असं त्या घरात ठरलं होतं.

या आखणीत आजचा सगळ्यात महत्त्वाचा ब्लॉक ६. कैद्याचा दिवस इथे कळतो. सकाळी अर्धा लिटर 'कॉफी' किंवा काढा. दुपारी पाऊण लिटर पातळ सूप. संध्याकाळी सुमारे ३०० ग्रॅम पाव आणि त्यासोबत २५ ग्रॅम मार्गारिन किंवा सॉसेज, नाहीतर चमचाभर जॅम. त्यातच उद्याची सकाळ भागवायची. अकरा-बारा तास अंगमेहनत करणारं शरीर यावर काही महिन्यांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे जगणं अगदी बारीक हिशेबावर येतं. वाटी नाही तर सूप नाही. वाटी कमरेला बांधून झोपायचं. सूप ढवळलं नसेल तर वर पाणी आणि तळाशी बटाटा, म्हणून रांगेत कुठे उभं राहायचं यालाही कसब. पाव उशाशी ठेवला तर रात्री जातो, एकदम खाल्ला तर सकाळी पाय उचलत नाहीत. लाकडी बुटाने पाय सोलला की जखम चिघळते, लंगडणारा माणूस पुढच्या निवडीत, म्हणजे कोणाला मारायचं ते ठरवताना, बाद होतो.

माणूसपणाचा प्रश्न याच हिशेबात येतो. कैद्यांच्या बोलीत 'ऑर्गनाइझ करणं' म्हणजे छावणीच्या साठ्यातून, स्वयंपाकघरातून, गोदामातून काहीतरी मिळवणं. ते कौतुकाचं होतं. शेजाऱ्याचा पाव घेणं ही मात्र चोरी, आणि तिला क्षमा नव्हती. कायदा, पोलीस, देवळं सगळं काढून घेतल्यावरही ही रेघ कैद्यांनी स्वतः आखली होती. पाण्याच्या धारेखाली साबणाशिवाय चेहरा धुणं, चमच्याचं टोक दगडावर घासून पाव समान कापता येईल अशी धार काढणं, आजाऱ्याला दोन्ही बाजूंनी धरून हजेरीत उभं ठेवणं ही त्या जगातली मोठी कामं. एकटा माणूस लवकर जाई. दोघं-तिघं एकमेकांशी बांधलेले असतील तर पाव सांभाळायला, बूट राखायला, सकाळी उठवायला कोणी असे. स्त्रियांच्या छावणीत अशा सोबतिणींना 'छावणी-बहिणी' म्हणत.

पण 'जे चांगले होते ते वाचले' असं इथून शिकून जाऊ नये. वाचणं बहुतेक नशिबावर होतं. १९४२ मध्ये आलात की १९४४ मध्ये, वय सतरा की सदतीस, काम उघड्यावर की छपराखाली, जर्मन कळतं की नाही. इथे आणलेल्या किमान १३ लाखांपैकी सुमारे ११ लाख मारले गेले, त्यांत जवळजवळ दहा लाख ज्यू. त्यांच्यातल्या बहुतेकांना कैदी म्हणून क्रमांकही मिळाला नाही. फलाटावरूनच थेट नेलं. त्यांना चांगुलपणा दाखवायला एक तासही मिळाला नाही.

शेवटी ब्लॉक २७. याद वाशेम या इस्रायलमधल्या स्मारकसंस्थेने २०१३ मध्ये उभं केलेलं दालन. एका पांढऱ्या खोलीत मारल्या गेलेल्या मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवर पेन्सिलीने, मूल जितक्या उंचीवर काढेल तितक्या उंचीवर, उतरवलेली आहेत. बघायला गुडघ्यांवर बसावं लागतं. पुढच्या दालनात लाखो नावांचं पुस्तक आहे. पिंकासच्या भिंतीवर वाचलेलं कुटुंब इथे शोधावं.

दिवस पाचवा : बिर्केनाऊ

ऑशविट्झ एकपासून तीन किलोमीटर, मोफत बस आहे. आज पूर्ण दिवस. सावली नाही, वारा आहे, जमीन चिकणमातीची. पाऊस पडला की बूट रुततात. कैद्यांच्या आठवणींत या चिखलाचा उल्लेख का इतका येतो ते दहा पावलांत समजतं. स्वच्छतागृह फाटकाशी वापरून घ्यावं, पाणी सोबत ठेवावं.

फाटकातून आत आल्यावर सगळे रुळांच्या मधोमध सरळ चालतात आणि किलोमीटरभर पुढच्या भग्न दहनगृहांकडे जातात. आपण आधी उजवीकडे वळायचं. पहिला भाग क्वारंटाइनचा. इथल्या लाकडी बराकी ५२ घोड्यांच्या तबेल्याच्या नमुन्यावर बांधलेल्या, एकेकीत चारशेहून अधिक माणसं. त्यालगतचा दुसरा पट्टा तेरेझिनहून आणलेल्यांचा 'कुटुंब छावणी' विभाग. आज तिथे विटांच्या चिमण्या आणि पाया एवढंच आहे, थांबायला सांगणारं फारसं काही नाही, आणि लोक थांबत नाहीत.

८ सप्टेंबर १९४३ ला आलेल्या पाच हजार जणांची फलाटावर निवड झाली नाही. केस कापले नाहीत, कुटुंबं एकाच विभागात राहिली. कारण त्यांना कळलं नाही, पण कागदपत्रांवर लिहिलेलं होतं: सहा महिन्यांनंतर 'विशेष वागणूक', म्हणजे मृत्यू. तोवर त्यांच्याकडून घरी पोस्टकार्डं लिहून घ्यायची होती. फ्रेडी हिर्श हा सत्तावीस वर्षांचा, आखेनमध्ये जन्मलेला, तेरेझिनमध्ये मुलांचं काम पाहणारा व्यायामशिक्षक. त्याने अधिकाऱ्यांकडून एक बराक मुलांसाठी मिळवली, ब्लॉक ३१. दिवसभर मुलं तिथे, रात्री आईबापांकडे. त्याने मिळवलेल्या सवलती लिहून ठेवण्यासारख्या आहेत: हजेरी उघड्यावर न होता छपराखाली, सूप जरा दाट, मेलेल्यांच्या नावे आलेली पार्सलं मुलांना. बदल्यात त्याचे स्वतःचे नियम: थंडीतही रोज अंग धुणं, उवांची तपासणी, सगळ्यांसमोर. उवा म्हणजे टायफस, टायफस म्हणजे मरण, म्हणून ही शिस्त. सहा महिन्यांत या पाच हजारांतले हजाराहून अधिक मेले. मुलांमधलं प्रमाण फारच कमी राहिलं.

पुस्तकं मोजकीच, गोदामांतून चोरून आणलेली. चौदा वर्षांची एक मुलगी ती सांभाळी, दिवसा वर्गांना वाटे आणि रात्री लपवी. पुस्तक नसेल तेव्हा ज्याला जी गोष्ट पाठ, तो ती सांगे, आणि गट एकामागून एक त्याच्यापुढे बसत. भिंतीवर डिना गॉटलिबोव्हाने स्नो व्हाइट रंगवली होती.

मार्च १९४४ च्या सुरुवातीला पहिल्या गटाकडून २५-२७ मार्चची तारीख घालून पोस्टकार्डं लिहून घेतली. ८ मार्चच्या रात्री ३,७९२ जणांना गॅसच्या कोठड्यांत नेलं. त्याच दिवशी दुपारी हिर्श औषधाच्या अतिमात्रेने बेशुद्ध सापडला होता. कसं झालं याबद्दल साक्षी जुळत नाहीत. आत जाताना लोकांनी चेक राष्ट्रगीत आणि हातिक्वा हे ज्यूंचं गीत म्हटलं. मागे राहिलेल्या नंतरच्या ट्रान्सपोर्टच्या मुलांसाठी ब्लॉक ३१ दुसऱ्या दिवशीही उघडला गेला. जुलैपर्यंत तो चालला. तेरेझिनहून या विभागात आणलेल्या सुमारे साडेसतरा हजारांपैकी १,३०० हून कमी वाचले.

क्वारंटाइन विभागात रुडॉल्फ व्हर्बा हा स्लोव्हाक ज्यू कैदी लेखनिक होता. त्याने आणि आल्फ्रेड वेत्झलरने कोणते ट्रान्सपोर्ट आले, किती माणसं गेली, हे महिनोन् महिने डोक्यात साठवलं. ७ एप्रिल १९४४ ला ते बांधकामाच्या लाकडांच्या ढिगात लपले, कुत्र्यांना वास येऊ नये म्हणून रॉकेलसारख्या इंधनात भिजवलेली तंबाखू भोवती पसरून. शोध तीन दिवसांनी थांबतो हे त्यांना माहीत होतं. १० तारखेच्या रात्री ते निघाले आणि चालत स्लोव्हाकियाला पोचले. त्यांच्या अहवालाने जुलैत हंगेरीवर दबाव आला आणि हद्दपारी थांबली. तोवर चार लाखांहून अधिक हंगेरियन ज्यू नेले गेले होते, पण बुडापेस्टमधले तेव्हा वाचले.

आता रूळ ओलांडून पलीकडे, स्त्रियांच्या विटांच्या बराकींत. आतल्या कप्प्यांत पसरलेल्या गवतावर एकेका फळीवर चार-चार जणी. इथे माला झिमेटबाउम, क्रमांक १९८८०, अनेक भाषा येत म्हणून निरोप्याच्या कामावर होती. सवलतीची जागा. ती तिने वापरली ती अशक्त स्त्रियांना हलक्या कामावर लावण्यासाठी आणि निवडीची आगाऊ खबर देण्यासाठी. जून १९४४ मध्ये ती एका पोलिश कैद्यासोबत निसटली, पकडली गेली आणि फाशीच्या वेळी सगळ्यांसमोर तिने मनगट कापून घेत पहारेकऱ्याच्या थोबाडीत मारली.

दहनगृह दोन आणि तीन स्फोटाने पाडलेली, जशी पडली तशी आहेत. कठड्यांवर चढू नये. इथे प्रेतं जाळायला लावलेल्या ज्यू कैद्यांच्या तुकडीला सोंडरकमांडो म्हणत. त्यांच्याबद्दल न्याय करायची घाई कोणी करू नये. त्यांच्यातल्याच झाल्मेन ग्रादोव्स्कीने लिहिलेली वही अॅल्युमिनियमच्या पाणबाटलीत घालून पुरली. मार्च १९४५ मध्ये ती सापडली. सापडणाऱ्याने इथे सगळीकडे खणावं असं त्याने लिहून ठेवलं होतं. मागच्या झाडीजवळ, दहनगृह पाचपाशी, ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी चोरून काढलेले चार फोटो लावले आहेत. फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमधून बाहेर गेली. ७ ऑक्टोबर १९४४ ला त्यांनी उठाव केला, दहनगृह चार जाळलं. सुमारे साडेचारशे जण मारले गेले, ग्रादोव्स्कीही. दारूगोळा पोचवणाऱ्या चार ज्यू मुली, रोझा रोबोता, आला गेर्टनर, एस्तेर वाइचब्लुम आणि रेगिना साफिरश्टाइन, यांना ६ जानेवारी १९४५ ला फाशी दिली. सोव्हिएत फौजा तीन आठवड्यांवर होत्या. मुलींच्या छळात त्यांच्या तोंडून बाकीच्यांची नावं निघाली नाहीत.

परतताना सॉना इमारतीत, म्हणजे नव्या कैद्यांच्या आंघोळीच्या आणि निर्जंतुकीकरणाच्या जागेत, शिरावं. गोदामात सापडलेले कुटुंबांचे सुमारे २,४०० फोटो तिथे आहेत: लग्नं, सहली, रांगणारी बाळं. दिवसाचा शेवट इथे करावा, भग्न दहनगृहांपाशी नव्हे.

दिवस सहावा : मोनोवित्से, आणि एक कागदी हृदय

सकाळी टॅक्सीने सहा-सात किलोमीटरवरच्या मोनोवित्से गावात. इथे आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीच्या रबर कारखान्यासाठी तिसरी मोठी छावणी होती. १९४४ च्या उन्हाळ्यात तिथे अकरा हजारांच्या आसपास कैदी होते. आता घरं आणि भाजीचे वाफे. दोन-तीन काँक्रीटचे अवशेष, एक स्मारक. तासभर पुरतो. या कारखान्यात मजुरीवर आणलेला लोरेन्झो पेरोने हा इटालियन गवंडी सहा महिने आपल्या वाट्याचं सूप एका इटालियन ज्यू कैद्यासाठी पोचवत राहिला. मोबदला घेतला नाही. पकडला गेला असता तर तोही आत गेला असता.

परत ऑशविट्झ एकच्या बाजूला, जिथे युनियन नावाचा दारूगोळ्याचा कारखाना होता. वर सांगितलेल्या मुलींपैकी तिघी इथे कामाला. त्यांच्याच पाळीतली फानिया १२ डिसेंबर १९४४ ला वीस वर्षांची झाली. झ्लात्का नावाच्या सोबतिणीने तिला शुभेच्छापत्र द्यायचं ठरवलं. कागद आणि कात्री मिळवायला पाव द्यावा लागला. चिकटवायला डिंक नव्हता, तेव्हा पाव पाण्यात कालवून त्याची खळ केली. स्वतःच्या जांभळ्या कापडाचा तुकडा फाडून हृदयाच्या आकाराचं वेष्टण शिवलं, वर नारिंगी दोऱ्याने 'एफ' भरला. आत घडीघडीने फुलासारखी उघडणारी पानं, त्यांवर पोलिश, जर्मन, फ्रेंच, हिब्रूत एकोणीस जणींनी लिहिलेल्या ओळी आणि सह्या. एकीने 'स्वातंत्र्य' हा शब्द तीनदा लिहिला. पकडलं असतं तर सगळ्या मेल्या असत्या.

१७ जानेवारी १९४५ पासून सुमारे ५६,००० कैद्यांना बर्फातून पश्चिमेला चालवत नेलं. मागे पडेल त्याला रस्त्यातच गोळी. ओश्वेंचिमहून व्होजिस्वाफ श्लोन्स्कीपर्यंत त्रेसष्ट किलोमीटर. वाटेतल्या गावांच्या कबरस्तानांत या चालीत मेलेल्यांच्या सामायिक कबरी आहेत, गाडी करून दुपारभरात तीन-चार ठिकाणी थांबता येतं. तेरेझिनहून आणलेले दगड उरले असतील तर इथे ठेवावेत. फानिया या रस्त्याने चालली तेव्हा ते हृदय तिच्या काखेत होतं. तिने ते १९८८ मध्ये माँट्रियलच्या संग्रहालयाला दिलं. बंद केल्यावर ते तळहातात मावतं.